दर सोमवारी १४१३

प्लॅटिनमच्या पट्ट्या काळ्या असतात आणि त्या काळ्याच ठेवायच्या असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बी.एस्सी.ला पहिला वर्ग मिळवून आलेल्या पोराला हे सांगावं लागेल, असं कुणाच्या मनातही आलं नसेल.

१९८६ ची गोष्ट. कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नुकताच लागलो होतो. हंगामात रसाचं ब्रिक्स, पोल, बॉयलरचं पाणी बघायचं. हंगाम संपून पट्टा पडला की सभासदांचे माती-पाण्याचे नमुने तपासायचे. त्या भागात ऊस आणि पाटाचं पाणी यांच्या जोडीनं क्षारपड जमीनही वाढत चालली होती, त्यामुळे उन्हाळ्यात बाटल्यांची रांग लागायची. जुन्या सलाइनच्या, दारूच्या, रॉकेलचा वास येणाऱ्या, सगळ्या प्रकारच्या बाटल्या.

कोपऱ्यातल्या टेबलावर कंडक्टिव्हिटी ब्रिज होता. राखाडी रंगाचा जड डबा, मध्ये मोठी गोल तबकडी, वर हिरवा चमकणारा मॅजिक आय. डब्यातून निघालेली वायर एका काचेच्या सेलला जोडलेली. सेलच्या तोंडाशी, नखाएवढ्या दोन पट्ट्या एकमेकींकडे तोंड करून, साधारण सेंटिमीटरभर अंतरावर. पूर्वीचा केमिस्ट सेल डिस्टिल्ड वॉटरच्या बीकरमध्ये बुडवून ठेवून गेला होता आणि पट्ट्यांवर चुलीवरच्या भांड्याच्या बुडासारखी काजळी धरली होती.

मला ते बघवेना. आमच्या घरी आईचा दंडक होता की भांड्यात तोंड दिसलं पाहिजे. पहिल्याच महिन्यात, एका दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना, मी दात घासायचा एक जुना ब्रश आणि भांड्याची पावडर घेऊन बसलो. काजळी सहज निघाली. खालून चांदीसारखं प्लॅटिनम चमकायला लागलं. आतल्या बाजूला ब्रश शिरत नव्हता, म्हणून काडीला कापूस गुंडाळून तिथूनही पुसून काढलं. चीफ केमिस्ट साहेब जेवून आले, सेल उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाले, "वा! आता प्रयोगशाळा वाटतेय." नोकरीत मिळालेली ती माझी पहिली शाबासकी.

दुसऱ्या दिवशी विहिरीच्या पाण्याचा नमुना लावला. तबकडी फिरवत जायचं आणि मॅजिक आयच्या हिरव्या उजेडातली काळी फट सर्वांत रुंद झाली की थांबायचं, तो संतुलनाचा बिंदू. आदल्या आठवड्यात ती फट टचकन उघडत होती. आता उघडेचना. पुढे फिरवलं तरी अर्धवट, मागे फिरवलं तरी अर्धवट. झोपेतून उठलेल्या माणसासारखा डोळा किलकिला राहायचा आणि मी त्या किलकिल्या पट्ट्याच्या अंदाजे मध्यावर आकडा धरून वहीत लिहायचो. वीस-पंचवीस नमुने असे अंदाजपंचे गेले. जितकं पाणी खारट तितका डोळा आंधळा. माझं निदान काय होतं? मॅजिक आयचा व्हॉल्व्ह गेला. मी साहेबांना तसा लेखी अर्जही दिला.

पुण्याहून एक दुरुस्तीवाले काका यायचे. साठीचे, खाकी पँट, हातात पत्र्याची पेटी. त्यांनी डबा उघडलासुद्धा नाही. सेल बीकरमधून वर काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "रावसाहेब, हे कुणी घासलं?"

मी अभिमानानं म्हणालो, "मी."

काका हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर गेलाय कधी? गाडीत जागा किती आहे ते बाहेरून कळतं का? दारातच इतकी झोंबाझोंबी की आत गाडी रिकामी असली तरी भरलेलीच वाटते. दोन पट्ट्यांनी पाणी मोजायचं म्हणजे तुम्ही कायम दारातून आतली जागा मोजताय. दाराची गर्दी आणि आतली जागा, दोन्हींचा मिळून एकच आकडा येतो. दार जितकं मोठं, तितकी ती गर्दी नडत नाही. हा काळा थर म्हणजे मोठं दार हो! ते तुम्ही ब्रशनं बंद केलंत."

नंतर पुस्तकात वाचलं तेव्हा त्यांचं एसटीचं दार अगदी चपखल होतं असं लक्षात आलं. धातूच्या पट्टीला लागून द्रावणातले आयन दाटी करून उभे राहतात आणि पट्टी नि पाणी यांच्या सीमेवर एक कपॅसिटर तयार होतो. तो मोजमापाच्या सर्किटमध्ये पाण्याच्या रोधाला जोडूनच येतो. प्लॅटिनमचा बारीक भुगा बसवून केलेला काळा थर स्पंजासारखा असतो. वरून नखाएवढा दिसतो, पण त्याच्या खाचाखोचांचं क्षेत्रफळ गुळगुळीत पट्टीच्या शेकडो पट भरतं. क्षेत्रफळ वाढलं की कपॅसिटर मोठा होतो, त्याचा अडसर कमी होतो, आणि उरतो तो पाण्याचा रोध. खारट पाण्याचा रोध मुळातच कमी असतो, म्हणून तिथे दाराची गर्दी जास्त डोळ्यांवर येते. माझा डोळा खारट पाण्याला जास्त आंधळा का व्हायचा, ते असं होतं.

हे सगळं जर्मनीच्या फ्रीडरिश कोलराउश यांनी शंभर वर्षांपूर्वी निस्तरलं होतं. एकाच दिशेनं वीज सोडली तर पट्ट्यांवर वायू जमतो, आयन अडकतात आणि मोजमाप दर क्षणाला बदलतं, हे पाहून त्यांनी दिशा बदलणारी वीज वापरली, पट्ट्यांना प्लॅटिनमचा काळा थर दिला आणि संतुलन ऐकायला चक्क टेलिफोनचा रिसीव्हर लावला. टेलिफोनचं पेटंट १८७६ चं. म्हणजे बाजारात नवीन आलेली वस्तू या माणसानं लगेच मिठाच्या पाण्याला कान लावायला वापरली. मॅजिक आय त्याच टेलिफोनचा नातू.

काकांचं बोलणं ऐकताना मला कॉलेज आठवत होतं, पण मी गप्प राहिलो. तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी मीठ घातलेल्या पाण्यात तांब्याच्या दोन तारा सोडून साध्या मल्टिमीटरनं रोध मोजला होता. आकडा थांबायचाच नाही, चढतच जायचा. तारांची अदलाबदल केली की भलताच, कधी उणेसुद्धा आकडा यायचा. एक तार हिरवट-निळी पडत चालली होती. मल्टिमीटरमध्ये बॅटरीचा सेल असतो, तो एकाच दिशेनं वीज ढकलतो, आणि मी मोजमाप न करता विद्युतविघटन करत बसलोय, हे एवढ्या खुणांवरून शेंबड्या पोराला कळलं असतं. मी काय केलं? दहा रीडिंग घेतली आणि सरासरी काढली. दोन दशांश स्थळांपर्यंत. प्रोजेक्टला चांगले गुणही मिळाले.

काकांनी पेटीतून तपकिरी बाटली काढली. क्लोरोप्लॅटिनिक आम्लाचं पिवळं द्रावण, त्यात चिमूटभर लेड ॲसिटेट. पट्ट्या आधी आम्लानं स्वच्छ केल्या, मग द्रावणात बुडवून हलकी वीज सोडली आणि दर अर्ध्या मिनिटाला दिशा पालटत राहिले, म्हणजे दोन्ही पट्ट्यांवर सारखा थर चढावा. पंधरा-वीस मिनिटांत मखमलीसारखा काळा रंग आला. डिस्टिल्ड वॉटरनं धुवून सेल जोडला, आणि डोळा पूर्वीसारखा टचकन उघडला.

निघताना काका म्हणाले, "आता पोटॅशियम क्लोराइड करून कॉन्स्टंट काढून घ्या बरं का. विसरू नका."

मी म्हणालो, "हो काका, आजच काढतो."

शनिवार होता. मला पाचची गाडी धरायची होती. सेलच्या मानेवर आधीच्या कुणीतरी हिऱ्याच्या कलमानं १.०० असं कोरून ठेवलेलं होतंच. पट्ट्या त्याच, काच तीच. कॉन्स्टंट म्हणजे कॉन्स्टंट, तो बदलेल कसा? शब्दाच्या अर्थावर मी इतका विसंबलो.

सेल कॉन्स्टंट म्हणजे दोन पट्ट्यांमधलं अंतर भागिले त्यांचं क्षेत्रफळ. एक सेंटिमीटर अंतरावर एक चौरस सेंटिमीटरच्या पट्ट्या असतील तर तो एक. प्रत्यक्षात वीज पट्ट्यांच्या कडांबाहेरूनही फुगून वाहते, म्हणून फूटपट्टी लावून तो काढत नाहीत. ज्याची वाहकता पक्की माहीत आहे अशा द्रावणात सेल बुडवून काढतात. ते द्रावण ठरलेलं आहे: वाळवलेलं पोटॅशियम क्लोराइड ०.७४६ ग्रॅम, लिटरभर शुद्ध पाण्यात. पंचवीस अंशाला त्याची वाहकता १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर. सीमेन्स हे नाव १९७१ मध्येच जगानं स्वीकारलं होतं, पण आमच्या वहीत अजून म्हो चालायचं, ओह्म उलटा लिहून केलेलं.

आणि आता ती वही.

प्रयोगशाळेत एक लाल कापडी बांधणीची वही होती. त्यात दर सोमवारी हे प्रमाण द्रावण लावून आलेला आकडा लिहायचा, असा नियम. पहिले दोन-तीन सोमवार मी इमानदारीत द्रावण केलं. मग एका सोमवारी पाणी डिस्टिल करणारं यंत्र बंद होतं. रकाना रिकामा राहिला तर साहेब विचारतील, म्हणून मी १४१३ लिहिलं. पुढच्या सोमवारी हंगाम सुरू झाला होता आणि रसाचे नमुने तुंबले होते. १४१३. त्याच्या पुढच्या सोमवारी काहीच कारण नव्हतं. १४१३. काका थर चढवून गेले त्याच्या नंतरच्या सोमवारी तर मी लिहिताना वर बघितलंसुद्धा नाही. उत्तर माहीत असताना गणित कशाला करायचं, असा तो हिशेब होता.

आज सांगतो, ती वही उघडून कुणीही दोन मिनिटं बघितली असती तरी चोरी पकडली गेली असती. खरं उपकरण दर आठवड्याला तोच आकडा देत नाही. कधी १४०५, कधी १४२०, थंडीत वेगळा, काचेवर बुडबुडा राहिला तर वेगळा. ओळीनं एकाखाली एक तीस वेळा १४१३ हे यंत्राचं अक्षर नव्हे, ते माणसाचं. साहेब महिन्याला खाली सही करायचे. तपासणीला बाहेरून आलेल्या एका अधिकाऱ्यानं तर "सातत्य उत्तम" असा शेरा मारला होता.

मधल्या काळात काय झालं होतं, ते मला कळलं १९८८ च्या मे महिन्यात.

तासगावच्या बाजूचे एक सभासद होते. वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना आबाच म्हणायचे. तो सगळा पट्टा तेव्हा द्राक्षाच्या मागे लागलेला. आबांनी वीस गुंठ्यांत तास-ए-गणेशची बाग धरायचं ठरवलं होतं आणि विहिरीचं पाणी तपासायला आणलं होतं. माझ्या चिठ्ठीवर वाहकता आली २२९०. त्या काळी आम्ही पाण्याची वर्गवारी अमेरिकेतल्या क्षार प्रयोगशाळेच्या १९५४ सालच्या हँडबुक ६० वरून करायचो. त्यात २२५० च्या वर गेलं की चौथा वर्ग. आमच्याकडे त्यासाठी रबरी शिक्काच होता: सिंचनास अयोग्य. मी शिक्का मारला आणि चिठ्ठी दिली.

दोन महिन्यांनी आबा परत आले. धोतराच्या सोग्यात बांधलेल्या दोन चिठ्ठ्या माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एक माझी. दुसरी वेगळ्या एका प्रयोगशाळेची, आकडा २०८०, वर्ग तिसरा, शिक्का नाही.

"साहेब, पाणी तेच, इहीर तीच, बाटलीबी तीच. मग कागुद दोन कसं?"

मी तेवीस-चोवीस वर्षांचा, आणि समोरचा माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा. मी काय बोललो ते मला शब्दशः आठवतं. म्हणालो, "आबा, तिकडं तापमान धरत नसतील. दर अंशाला दोन टक्के फरक पडतो. आम्ही पंचविसाला आणून मोजतो." तापमानाचं ते सगळं खरं होतं. मी खरंच बाटली पाण्याच्या बादलीत ठेवून पंचविसाला आणून मोजत होतो, आणि त्या एका नीट केलेल्या गोष्टीच्या आड उभा राहून मी दुसऱ्याला खोटं पाडलं. वर हेही म्हणालो, की बाटली धुतली नसेल. आबा काही बोलले नाहीत. चिठ्ठ्यांच्या घड्या घातल्या, पुन्हा सोग्यात बांधल्या आणि निघाले. दारात थांबून एवढंच म्हणाले, "अँगल मेव्हण्याला दिलं इकून. जाऊंद्या."

मांडवासाठी त्यांनी लोखंडी अँगल आधीच आणून टाकले होते. माझा शिक्का बघून विकले होते.

त्या रात्री मी प्रयोगशाळेत थांबलो. पोटॅशियम क्लोराइड भट्टीत वाळवलं, थंड केलं, ०.७४६ ग्रॅम तोललं, ताज्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवलं. बादलीत बर्फाचा खडा टाकून पंचवीस अंश आणलं. सेल दोनदा त्याच द्रावणानं खंगाळला. डोळा अगदी स्वच्छ उघडला. तबकडी १५४० वर थांबली होती.

मी पुन्हा द्रावण केलं. पुन्हा १५४०.

मग सेल दिव्यासमोर आडवा धरला आणि पहिल्यांदाच पट्ट्यांकडे बाजूनं बघितलं. त्या समांतर नव्हत्या. वरून जोडलेल्या, खाली एकमेकींकडे किंचित झुकलेल्या, नमस्काराला हात जोडायला घेतल्यासारख्या. दीड वर्षापूर्वी ब्रश दाबून घासताना मी बाहेरून रेटा दिला होता. प्लॅटिनमचा पत्रा कागदासारखा पातळ असतो. काळा थर काकांनी परत दिला, पण अंतर परत दिलं नव्हतं, ते मोजायला मला सांगून गेले होते. कॉन्स्टंट १.०० चा ०.९२ झाला होता. पट्ट्या जवळ आल्यामुळे तेव्हापासूनचं प्रत्येक पाणी, प्रत्येक माती, असायला हवी त्यापेक्षा नऊ टक्के खारट निघाली होती. आबांचे २२९० म्हणजे खरे २१००. दुसरी प्रयोगशाळा बरोबर होती.

सकाळी साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कपाटातून अन्न व कृषी संघटनेचा १९८५ चा तक्ता काढून माझ्यापुढे ठेवला. द्राक्षाला पाण्याची वाहकता १.७ असेल तर उत्पन्नात दहा टक्के घट, २.७ ला पंचवीस टक्के. (तिथे एकक डेसीसीमेन्स प्रति मीटर, म्हणजे आमचे हजार.) "बघा, २.१ असो की २.३, बाग काही फार सुखाची होणार नव्हतीच. तुमच्या चुकीनं त्यांचं नुकसान टळलंच म्हणा. नऊ टक्के फरक आहे, शेतीत एवढं चालतं. वही मात्र नीट करा."

शास्त्र म्हणून त्यांचं बोलणं खोडता येणार नाही, हे मी तेव्हाही जाणत होतो. अजूनही मी त्या वाक्यात पळवाट शोधतो आणि ती सापडते, हीच पंचाईत आहे. पण आबांनी २२९० हा आकडा वाचलाच नव्हता. त्यांनी शिक्का वाचला होता. आणि २१०० ला शिक्का नसतो.

"वही नीट करा" याचा अर्थ त्यांच्या मते सेल बदलून पुढे चला. मी त्या आठवड्यात दीड वर्षाच्या नोंदी काढून प्रत्येक आकड्याला ०.९२ नं गुणत बसलो. बहुतेक नमुन्यांचा वर्ग बदलला नाही. अकरा जणांचा बदलला. अकरांपैकी चौघांना मी पोस्टकार्डं लिहिली, त्यांतही "यंत्रातील दोषामुळे" असं लिहिलं, माझं नाव घातलं नाही. दोघे कारखान्यावर आले तेव्हा भेटून सांगितलं. चौघांना काहीच कळवलं नाही. आधी पत्ते सापडत नव्हते म्हणून, मग फार दिवस झाले म्हणून.

अकरावे आबा. त्यांच्याकडे लूना घेऊन गेलो. ते गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होते. मी सगळं सांगितलं, ब्रशपासून. वहीतल्या सोमवारांचं मात्र नाही सांगितलं. त्यांनी ऐकलं, हात झटकले आणि विचारलं, "मंजे पट्ट्या वाकल्या व्हत्या?" मी हो म्हणालो. "आन तुमाला ठावं नव्हतं?" मी पुन्हा हो म्हणालो. ते दुसरं उत्तर निम्मंच खरं होतं. मला ठाऊक नव्हतं, कारण मी बघितलं नव्हतं, आणि बघितलंय असं दर सोमवारी लिहीत होतो. आबांनी चहा पाजून लावून दिलं. बाग त्यांनी पुढं कधी धरली नाही. का, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

पुढच्या तीस वर्षांत चुका थांबल्या असं नाही, फक्त लहान झाल्या. प्रमाण द्रावणाची बाटली बुचाशिवाय ठेवली आणि मे महिन्यात पाणी उडून ते दाट झालं, मग बरोबर असलेल्या सेलचा कॉन्स्टंट मी चुकीचा केला. सेलच्या मानेला हवा जायला भोक असतं, ते पाण्याखाली गेलं पाहिजे. घाईत ते वर राहायचं, आत हवेचा फुगा अडकायचा आणि आकडा निम्म्यावर यायचा. ब्रिजला पन्नास आणि हजार आवर्तनांचा खटका होता. खारट पाण्याला हजार लागतात. कधी तरी तो पन्नासवर राहून जायचा आणि मी काकांच्या दारापाशी पुन्हा झोंबाझोंबी करत बसायचो. डिस्टिल्ड वॉटर दोन मायक्रोसीमेन्सच्या खाली येत नाही म्हणून मी एकदा आठवडाभर यंत्र खोललं होतं. शेवटी कळलं की पाणी उघड्या बीकरमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड पीत होतं. नुसत्या हवेनं ते एकच्या आसपास जातं. निव्वळ पाण्याची वाहकता पंचवीस अंशाला ०.०५५, ती उघड्या भांड्यात कुणालाच दिसत नाही.

एक चूक मात्र जरा वेगळी. बॉयलरला परत जाणाऱ्या वाफेच्या पाण्याचा सामू आणि वाहकता मी एकाच बीकरमध्ये घ्यायचो, आधी सामू, मग वाहकता. सामूच्या जोडीतल्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या पोटात पोटॅशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण असतं आणि ते बुडाच्या बारीक छिद्रातून सतत झिरपत असतं. झिरपलं नाही तर तो चालतच नाही. मातीच्या नमुन्यात ते खपून जातं. पण वाफेच्या मऊ पाण्यात, इलेक्ट्रोड जितका वेळ बुडालेला तितकी वाहकता जास्त. मी कंडेन्सर गळतोय असा रिपोर्ट दिला, फिटर लोकांनी अर्धी रात्र नळ्या तपासल्या. मीठ मीच घालत होतो. क्रम उलटा केला आणि गळती थांबली. फिटरांना मी आजतागायत सांगितलेलं नाही.

आणि याच्या बरोबर उलटी फजिती. त्याच पाण्यात साखर येतेय का ते बघायला अल्फा नॅफ्थॉलची चाचणी असते. परीक्षानळीत नमुना, दोन थेंब नॅफ्थॉल, बाजूनं गंधकाम्ल सोडलं की साखर असेल तर जांभळं कडं उमटतं. एका रात्रपाळीला मी कंटाळा केला. मीटर तर स्थिर आहे, वाहकता वाढलेली नाही, मग साखर कुठून असेल? साखरेच्या कारखान्यात बारा वर्षं काढलेल्या माणसाचं हे तर्कशास्त्र! साखर पाण्यात विरघळते पण तिचे आयन होत नाहीत, ती वीज नेत नाही. रसासोबत येणारे थोडे क्षार वाहकता वाढवतात खरे, पण त्या पाण्यात आधीच असलेल्या अमोनियाच्या गडबडीत ते दिसलेच नाहीत. पहाटे बॉयलरचं पाणी चहासारखं झालं, सामू घसरला, जळक्या साखरेचा वास सुटला. दोन पट्ट्या आयनांचं तेवढं सांगतात, आणि मी त्यांना साखरेबद्दल विचारलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी चार इलेक्ट्रोडचा सेल आला. बाहेरच्या दोन कड्या वीज नेतात, आतल्या दोन फक्त विजेचा दाब मोजतात, त्यांतून वीज जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे दाराच्या गर्दीचा हिशेब आपोआप वगळला जातो. सहकारातल्या माणसाला हे चटकन पटतं. कॅशियर आणि ऑडिटर एकच असून चालत नाही. मला ते जरा जास्तच पटलं. मी दीड वर्ष दोन्ही होतो.

गेल्या पावसाळ्याआधी नातीनं गच्चीवरच्या टोमॅटोच्या कुंड्यांसाठी ओलाव्याचा सेन्सर आणला. बाजारात शंभर रुपयांच्या आत मिळतो. काट्याच्या चमच्यासारखे दोन पाय, ते मातीत खुपसायचे, त्यातून वाहणाऱ्या विजेवरून माती किती ओली ते कळतं. तिनं तो छोट्या सर्किटला जोडला, पाच व्होल्टची सरळ वीज, चोवीस तास चालू. पहिले आठ दिवस तो छान चालला. मग खत घातल्याबरोबर कोरडी कुंडीसुद्धा ओली दाखवायला लागला. मग आकडा रोज थोडा थोडा घसरायला लागला. तिनं मोबाइलवर आलेख दाखवला आणि म्हणाली, "आजोबा, जरा उड्या मारतंय, म्हणून मी दहा-दहा रीडिंगची सरासरी घेतेय."

पाचव्या आठवड्यात तो बंद पडला. तिनं मातीतून उपटून हातावर ठेवला. एक पाय होता तसा होता, वर थोडा पांढरा खार. दुसऱ्याचा मुलामा गेला होता, खालचं तांबंही गेलं होतं, नुसती हिरवट कडा उरली होती.

"हाच का खाल्ला गेला?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. हा धन टोकाचा, याच्यातून धातू आयन होऊन मातीत जातो. वीज फक्त मोजतानाच क्षणभर द्यायची आणि दर वेळी टोकं पालटायची, म्हणजे असं होत नाही. कोलराउश सांगितला, एसटीचं दार सांगितलं, कॉलेजमधल्या तांब्याच्या तारासुद्धा सांगितल्या. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"पण आजोबा, मी हे जोडत होते तेव्हा तुम्ही इथेच बसला होतात ना?"

बसलो होतो. समोरच्याच खुर्चीवर. वायर कुठली कुठे चाललीय ते मला दिसत होतं.